इंदूरच्या उकाड्यात घरचा वाइन कूलर: घ्यावा का, आणि त्यातली बाटली कधी उघडावी

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं सविस्तर. इंदूरात राहून वाइन वर्षभरापेक्षा जास्त ठेवायची असेल तर कंप्रेसरवाला वाइन कूलर घ्या, पैसे वसूल आहेत, पण छोटा घ्या, आणि तो आला म्हणजे आता सगळ्याच बाटल्या मुरत टाकू असं मनात आणू नका, कारण आपल्या हाती येणाऱ्या वाइनमध्ये ठेवण्यालायक बाटल्या फार थोड्या असतात, बाकीच्या प्यायच्याच असतात आणि लवकर प्यायच्या असतात. वाइन लोणच्यासारखी नसते हो, की जितकी जुनी तितकी भारी. ती अढीतल्या आंब्यासारखी असते, पिकते, छान होते आणि मग उतरते, आणि आपल्याला रोज अढीत हात घालून बघता येत नाही एवढाच काय तो फरक.

आम्ही सुदामा नगरात वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि रात्री बाहेर गच्चीवर गार वारा सुटलेला असतो तेव्हाही स्लॅबखालची खोली तापलेलीच असते. वाइनला १२-१३ डिग्री आवडतात, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तापमान सारखं तेवढंच राहायला हवं. दिवसा ३६ आणि एसी लावला की २४, पुन्हा सकाळी ३० असं झालं की आतला द्रव फुगतो-आकसतो, बूच हळूहळू वर सरकतं, बाजूने हवा शिरते आणि मग ती बाटली गेली. आमच्या आत्याकडे बैठकीतल्या शोकेसमध्ये कुणीतरी भेट दिलेली एक फ्रेंच रेड वर्षानुवर्षं उभी होती, मोठ्या प्रसंगाला उघडू म्हणून. गेल्या दिवाळीत ती मला दाखवायला काढली तर बूच बाटलीच्या तोंडाच्या वर आलेलं, वरचं वेष्टण फुगलेलं, मानेवरून लेबलापर्यंत वाळलेला चिकट ओघळ. उघडली तर रंग चहाचा आणि वास शिजवलेल्या मनुकांचा. आत्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ही तेव्हाच प्यायची असते. म्हणूनच हे सगळं लिहायला घेतलं.

आता कूलर. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मुद्दा कंपनीचा नाही, प्रकाराचा आहे. बाजारात दोन प्रकार मिळतात. एक थर्मोइलेक्ट्रिक, आवाज नाही, थरथर नाही, दिसायला छान, स्वस्त. दुसरा कंप्रेसरचा, आपल्या फ्रीजसारखाच. दुकानदाराने आम्हाला पहिलाच आग्रहाने दाखवला, भैया म्हणाला एकदम सायलेंट है, बेडरूम में भी रख लो. पण थर्मोइलेक्ट्रिकची गोम अशी की तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० डिग्रीच खाली नेऊ शकतो, त्याहून जास्त त्याला झेपत नाही. खोली २५ ची असेल तर ठीक, पण आपल्याकडे बंद खोली मे महिन्यात ३८ ची होते, म्हणजे आत २० च्या आसपास, आणि ते सुद्धा दिवसभर धापा टाकत. बेंगळुरूला कदाचित चालेल, माळव्यात नाही.

कंप्रेसरवाला घेताना सुद्धा मागची पट्टी वाचा. त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. एन म्हणजे १६ ते ३२ डिग्रीच्या खोलीसाठी, एसटी म्हणजे ३८ पर्यंत, टी म्हणजे ४३ पर्यंत. बाहेरून आलेले पुष्कळ मॉडेल एन नाहीतर एसटी असतात, आपल्याला टी पाहिजे. हे मला एकाही सेल्समनने आपणहून सांगितलं नाही, तुम्ही विचारा आणि पट्टीचा फोटो मागा. दुसरं, बाटल्यांचा आकडा. ज्याला २४ बाटल्यांचा म्हणतात तो सरळ खांद्याच्या बोर्दो आकाराच्या बाटल्या धरून २४ चा असतो, शॅम्पेनची किंवा बर्गंडीची पोट सुटलेली बाटली आली की एक फळीच काढून ठेवावी लागते, म्हणजे प्रत्यक्षात १८-१९ धरा. तिसरं, सुटा ठेवायचा की कपाटात बसवायचा. सुट्याची गरम हवा मागून निघते, तो कपाटात कोंबला तर कंप्रेसर लवकर जातो. आमचा सुटा आहे, जेवणघराच्या उत्तरेच्या भिंतीला, मागे हातभर जागा सोडून. काच टिंटेड आणि दुहेरी आहे, ते हवंच, उजेडाने सुद्धा वाइन खराब होते, विशेषतः फिक्या काचेच्या बाटलीतली व्हाइट.

किंमत ४० हजारांच्या आसपास पडली, स्टॅबिलायझर वेगळा. स्टॅबिलायझर टाळू नका. लाइट गेली तर? तीन-चार तास काही होत नाही, भरलेला कूलर थंडावा धरून ठेवतो, फक्त दार उघडून बघत बसू नका.

चालतो कसा ते सांगते. डिजिटल आकडा १२ दाखवतो त्यावर विश्वास ठेवू नका. मी एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात स्वयंपाकाचं थर्मामीटर सोडलं आणि ती बाटली वेगवेगळ्या फळ्यांवर रात्र-रात्र ठेवून पाहिली. वरच्या फळीवर १४, खाली ११. तर आता जास्त दिवस ठेवायच्या त्या खाली आणि लवकर प्यायच्या त्या वर, आपोआपच वर्गवारी झाली. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी होते की बूच सुकायची भीती, म्हणून बाटल्या आडव्याच ठेवायच्या म्हणजे बूच ओलं राहतं, आणि मी खाली एका वाटीत ओला स्पंज ठेवते. स्क्रूकॅपवाल्या उभ्या ठेवल्या तरी काही बिघडत नाही. पावसाळ्यात उलटं, काचेवर बाहेरून पाणी धरतं, ते पुसत राहायचं. एका पावसाळ्यात दाराचं रबर सैल झालं तर सर्व्हिसवाल्याने आधी गॅस संपल्याचं सांगून खर्च काढला, अंकल को बोलो गॅस भरवानी पड़ेगी, नवऱ्याने दारात कागदाची पट्टी अडकवून ती सहज ओढून दाखवली तेव्हा कुठे रबर बदललं. ही पट्टीची तपासणी तुम्ही पण करत जा, पट्टी सहज निघाली म्हणजे दार नीट लागत नाहीये. आवाज येतो, रात्रीच्या शांततेत जाणवतो, बेडरूममध्ये नको.

एवढं झालं यंत्राचं. पण यंत्र फक्त वाइनला सांभाळतं, कधी उघडायची ते त्याला कळत नाही, आणि खरी मजा आणि खरी चिंता तिथेच आहे.

मुरते म्हणजे काय होतं ते थोडक्यात. रेडमध्ये सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन असतं, जे जिभेला तुरट लागतं. वर्षं गेली की हे टॅनिन एकमेकांना जोडून मोठं होत जातं, तुरटपणा मऊ होतो, काही भाग साका होऊन तळाशी बसतो. रंग जांभळ्यावरून विटकरीकडे जातो. ताज्या फळाचा वास मागे पडतो आणि चामडं, वाळलेलं अंजीर, ओली माती, मशरूम असले वास पुढे येतात. व्हाइटचं उलटं, रंग गडद होत जातो. तर मुरायला भांडवल लागतं: टॅनिन, आंबटपणा, किंवा साखर. ज्या वाइनमध्ये यातलं काहीच ठासून नाही ती ठेवली तर फळ तेवढं निघून जातं आणि मागे काही उरत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे निर्णय तिथेच होतात.

म्हणून आपल्या नाशिकच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ ह्या व्हाइट आणि गुलाबी रोझे, ह्या ठेवूच नका. सुलाची सोव्हिन्यों ब्लाँ मला मनापासून आवडते पण तिची सगळी गंमत त्या कोवळ्या हिरव्या वासात आहे, तो वर्ष-दीड वर्षात विरतो. प्रोसेको, म्हणजे इटलीची बुडबुड्यांची वाइन, पण तशीच, आणली की प्या. साध्या रेड, चारशे-आठशे रुपयांच्या, दोन वर्षांच्या आत.

देशी बाटली घेताना एक हिशोब लक्षात ठेवा जो मला कुणाच्या बोलण्यात आला नाही. महाराष्ट्रात द्राक्षाची वर्षातून दोन छाटण्या होतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि वाइनची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात तीच तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे लेबलवर २०२१ लिहिलेली नाशिकची वाइन २०२१ च्याच फ्रेंच वाइनपेक्षा सात-आठ महिने मोठी असते. पाच-सहा वर्षं ठेवायच्या वाइनमध्ये हा फरक छोटा नाही. शिवाय आपल्याकडची द्राक्षं उन्हात लवकर गोड होतात आणि आंबटपणा कमी राहतो, त्यामुळे मुरायचं भांडवल जरा कमीच.

तरी काही देशी रेड खरंच ठेवण्यासारख्या आहेत. अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं मिळून केलेली. ग्रोव्हरची ला रिझर्व, काबर्ने आणि शिराझची, बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, जिच्यासाठी मिशेल रोलाँसारख्या फ्रान्समधल्या बोर्दोच्या नामांकित वाइन सल्लागाराने सल्ला दिला होता. ह्या दोन्ही मी कूलरमध्ये ठेवल्या आणि दोन्हींनी समाधान दिलं.

सेत्तेचं जरा नीट सांगते कारण माझी सगळी पद्धत तिच्यावरून ठरली. एकाच सालाच्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेल्या बाटल्या. पहिली लगेच उघडली. पहिल्या संध्याकाळी बंद-बंद होती, वास वर येईना, घोट घेतला की हिरड्या कोरड्या पडत होत्या. दोन ग्लास प्यायलो, बूच परत लावलं आणि उरलेली फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढून अर्धा तास बाहेर ठेवून पुन्हा चाखली तर चेरीचा वास स्वच्छ आलेला, तुरटपणा होता पण टोचत नव्हता, घोट गिळल्यावर चव रेंगाळत होती. हीच परीक्षा. हवा लागून दुसऱ्या दिवशी वाइन सुधारली म्हणजे तिच्यात दम आहे, उरलेल्या बाटल्या खालच्या फळीवर. दुसऱ्या दिवशी ती सपाट आणि आंबूस झाली असती तर उरलेल्या त्याच महिन्यात पिऊन टाकल्या असत्या. मग दर हिवाळ्यात एक उघडायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या असं चाललं. मधली एक सगळ्यात सुंदर होती, मटणाच्या रश्श्याबरोबर, विटकरी कडा आलेली, अंजिराचा वास आणि तुरटपणा नुसता आधाराला. पुढच्या वर्षीची चांगली होती पण फळ थोडं मागे गेलेलं, तेव्हा शेवटची बाटली आणखी वाट न बघता महिन्याभरात भाऊ-वहिनी आले तेव्हा उघडली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, ठेवायची वाइन एक बाटली घेऊ नका. तीन तरी घ्या. एकच असली की ती उघडायचा धीर होत नाही, प्रसंग शोधत बसतो, आणि उघडतो तेव्हा ती कुठे आहे, चढणीवर की उतारावर, ते कळायला दुसरी नसते. दहा वेगवेगळ्या बाटल्यांपेक्षा तीन प्रकारच्या तीन-तीन बाटल्यांनी मला जास्त शिकवलं.

बाहेरच्या बाटल्या आमच्याकडे पुतण्या आणतो. विमानाने येताना माणशी २ लिटर ड्यूटीशिवाय आणता येते, म्हणजे दोनच बाटल्या, त्यामुळे काय मागवायचं ते मी फार विचार करून सांगते. त्याला म्हटलं, रोजची नको आणूस, जी इथे मुरवता येईल ती आण. इटलीची बारोलो मागवली. नेबिओलो द्राक्षाची, टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, तिकडच्या नियमानेच ती किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, ठेवल्याशिवाय विकता येत नाही. ही दहा वर्षांच्या आत उघडायला माझा हात होत नाही. स्पेनच्या रियोखाची ग्रान रेझेर्वा त्याच्या उलट, ती वाइनरीतच पाच वर्षं मुरून येते, ती आली की प्यायला तयारच असते, तिला पुन्हा दहा वर्षं कोंडून ठेवायची गरज नाही. आणि जर्मन रिस्लिंग, थोडी गोडसर, काबिनेट किंवा श्पेटलेझे (द्राक्ष किती पिकलं त्यावरून ठरलेल्या तिकडच्या प्रती). आंबटपणा आणि साखर दोन्ही असल्याने ती वर्षानुवर्षं टिकते, आणि आपल्या खाण्याशी तिच्याइतकी कुठली जमत नाही. थंडीत सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, गरम गराडू (तळलेला कंद) आणा, वर जीरावणाचा मसाला, लिंबू, आणि बाजूला मुरलेली रिस्लिंग. एकदा करून बघाच.

कधी प्यावी हे बघायला सेलरट्रॅकर नावाचं संकेतस्थळ वापरते. एरिक लव्हाइन नावाच्या मायक्रोसॉफ्टमधल्या माणसाने २००३ मध्ये स्वतःच्या बाटल्यांचा हिशोब ठेवायला ते सुरू केलं होतं, आता जगभरचे लोक त्यात कुठली बाटली कधी उघडली, कशी लागली ते लिहितात आणि त्यातून प्यायचा काळ दिसतो. फार उपयोगी आहे, बाटलीच्या जागेसकट नोंद ठेवता येते. पण ते लिहिणाऱ्यांच्या बाटल्या बहुतेक थंड देशात, चांगल्या तळघरात झोपलेल्या असतात. आपल्याकडे येणारी बाटली बंदर, गोदाम, ट्रक, दुकानाची फळी एवढं उन्हातान्हातून येते. म्हणून तिथे २०२६ ते २०३४ दिसलं तर मी शेवटची दोन-तीन वर्षं कापूनच धरते. आणि ड्यूटी-फ्रीमधून थेट आलेल्या बाटलीला थोडी जास्त सवलत देते.

दुकानातून घेताना म्हणूनच मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घेते, त्या दिवसांत ट्रकमध्ये सुद्धा वाइन भाजत नाही. दिव्याखाली उभी केलेली शोची बाटली नको, आतल्या पेटीतली द्या म्हणायचं. बुचाचं वेष्टण बोटाने फिरवून बघा, फिरलं म्हणजे आतून ओघळ नाही, चिकटलेलं असेल तर सोडून द्या. बाटली उजेडात धरून पातळी बघा, बुचाखाली जास्त रिकामी जागा दिसली तर नको. मागच्या लेबलवरची बॉटलिंगची तारीख बघा, बहुतेक देशी बाटल्यांवर असते. अर्धी बाटली, ३७५ मिलीची, लवकर मुरते आणि लवकर उतरते, ती ठेवायला घेऊ नका. दीड लिटरची मॅग्नम सगळ्यात सावकाश.

ज्यांच्याकडे खर्चाची तयारी आहे त्यांच्यासाठी कोराव्हिन नावाचं यंत्र आहे, बुचातून बारीक सुई घालून आर्गॉन वायू आत सोडतं आणि तेवढाच घोट बाहेर काढतं, बूच न काढता. एकुलती एक भारी बाटली तपासायला उत्तम. भावाकडे आहे, त्याच्याकडे चाखून माझ्या बारोलोबद्दलचं मन पक्कं झालं, अजून ठेवायचीच.

छोटा कूलर घ्या असं मी सुरुवातीला म्हटलं त्याचं आणखी एक कारण. मध्य प्रदेशात घरात किती दारू ठेवता येते याला मर्यादा आहे. २०२२-२३ च्या आबकारी धोरणात ती वाढवली आणि घरच्या बारचं लायसन्स पण आलं, पण ते वर्षाला १ कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांसाठी. सध्या किती चालतं ते आबकारी विभागात विचारून मगच आकार ठरवा.

ज्यांना वर्षाला पाच-सहा बाटल्या येतात आणि दोन-तीन महिन्यांत संपतात त्यांनी कूलर घेऊच नका. घरच्या फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात काही महिने बाटली मजेत राहते, रेड असेल तर प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी काढा. रेड रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ती रूम १६-१८ डिग्रीची असते, आपली जूनमधली नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघून घ्या, फळ्या पूर्ण बाहेर यायला दार ९० अंशांच्या वर उघडावं लागतं, आमच्याकडे डायनिंग टेबल सरकवावं लागलं.